उजनीत फेकलेल्या चाव्या

७ एप्रिल, सोमवार

"हा प्रोग्रॅम रूट म्हणून का चालतोय?"

रघुनाथ सरांचा प्रश्न. सकाळी सकाळी, चहाच्या आधी! पर्ससुद्धा टेबलावर ठेवली नव्हती मी.

म्हटलं, सर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कार्डाला हात लावायचा तर रूटचे अधिकार लागतात. तर म्हणाले, "कार्ड उघडेपर्यंत ठीक. नंतर दिवसभर कशाला?" आणि निघून गेले. आमच्या बारामतीच्या ऑफिसचे मालक असले म्हणून काय झालं, माणसाने उत्तर ऐकून तरी जावं!

चिडले. मग चहा प्यायले. मग पटलं. सरांचं नेहमी असंच होतं. ते बरोबर असतात, म्हणून राग जास्त येतो.

प्रोग्रॅम पूर्ण झाला या आनंदात होते मी. रोज पहाटे रानांच्या पाण्याची पाळी बदलते — काल ज्याची होती त्याचा व्हॉल्व्ह बंद, आज ज्याची आहे त्याचा उघडा. एवढंच काम. ते होतं. मध्येच लाईट जाऊन आली तरी कार्ड पुन्हा उघडून घेतं, मी स्वतः प्लग उपटून पाहिलंय. पळसदेवची मुलगी आहे, लाईट जाणार हे मला कुणी शिकवायला नको! आणि आता हे अधिकारांचं नवीन लफडं. २० तारखेला आमच्या उपसा सिंचन संस्थेची सभा. त्याआधी आठवडाभर चाचणी. म्हणजे माझ्याकडे हाच आठवडा.

रडत नाही बसायचं. हे कशासाठी चाललंय ते इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे उत्साह टिकेल. आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी. संस्थेच्या हौदावरचे व्हॉल्व्ह मी जन्मायच्या आधीपासून आबा हाताने फिरवतायत. रोज पहाटे तीनला उठून, हातात बॅटरी घेऊन, बांधाबांधाने हौदापर्यंत. जानेवारीत चिखलात घसरले, गुडघा सुजला. तरी दुसऱ्या दिवशी गेलेच. "पाळी कुनाच्या गुडघ्यासाठी थांबत न्हाय," म्हणे. सभेने यंत्राला हो म्हटलं तर आबांना फक्त दिवसाची देखरेख. पगार तोच, हे सर्जेराव काकांनी, म्हणजे संस्थेच्या चेअरमननी, आधीच कबूल केलंय.

आबांनी उजाडेपर्यंत झोपावं. मला बाकी काही नको.

८ एप्रिल, मंगळवार

दिवसभर दोन फंक्शनांशी भांडले. हरले.

रूट म्हणजे मशीनमधला तो इसम, ज्याला कुठलंच दार अडवत नाही. प्रोग्रॅम रूट म्हणून चालत राहिला आणि इंटरनेटवरून कुणी त्याच्यात शिरला, तर अख्खं मशीन त्याचं. आमच्या यंत्रात मोबाईलचं सिमकार्ड आहे, मला मेसेज पाठवायला. म्हणजे शिरायला वाट आहे. तेव्हा रूट म्हणून सुरू व्हायचं, कार्डाचं एक दार उघडायचं, आणि लगेच सगळे अधिकार सोडून साधं माणूस व्हायचं. मी 'पाणी' नावाचा एक वापरकर्ता केलाय. बिचाऱ्याला काहीच करता येत नाही. प्रोग्रॅमने त्याच्या अंगात जायचं.

त्याला फंक्शनं, म्हणजे तयार हुकूम, आहेत. सेटयूआयडीने माणूस बदलतो, सेटजीआयडीने गट बदलतो. मी आधी माणूस बदलला. मग गट बदलायला गेले तर — परवानगी नाही! पुन्हा केलं. परवानगी नाही! मशीनला शिव्या दिल्या, कीबोर्डला दिल्या, जेवणाची सुट्टी गेली.

शेवटी शेजारच्या टेबलावरून श्रिया वाकून बघते आणि हसतच सुटते. "अगं बाई, राजीनामा देऊन झाल्यावर रजेचा अर्ज टाकतेयस तू!"

खरंच की. गट बदलायलाही रूटच लागतं, आणि रूट तर मी वरच्याच ओळीत सोडून बसले होते. आधी गट, मग माणूस. दोन ओळींची अदलाबदल. त्यात दिवस गेला.

श्रियाला पाणीपुरी द्यावी लागली. भिगवण चौकात उभ्या उभ्या दोन प्लेटी खाल्ल्या तिने, तिखट.

९ एप्रिल, बुधवार

सरांनी पुन्हा परत पाठवलं. आज मात्र कारण ऐकण्यासारखं होतं.

मी हुशारी केली होती. सेटयूआयडीऐवजी सेटईयूआयडी वापरलं. का? तर पुढे कधी रूट लागलं तर परत जाता येतं. सर म्हणाले, "तुला जाता येतं, म्हणजे तुझ्यात शिरलेल्या चोरालाही जाता येतं." मग फळ्यावर तीन गोल काढले. प्रत्येक प्रोग्रॅमला तीन ओळखी असतात म्हणे — खरी, चालू, आणि राखून ठेवलेली. मी फक्त चालू ओळख बदलत होते. राखून ठेवलेली रूटच राहत होती, खिशात जपून ठेवलेल्या किल्लीसारखी. रूट असताना सेटयूआयडी केलं की तिन्ही एकदम बदलतात. मग परतीची वाट नाही.

"चाव्या खिशात नाही ठेवायच्या. फेकून द्यायच्या." — सर.

मी म्हटलं, आमच्याकडे उजनीचं धरण आहे सर, तिथे टाकते.

सर हसले! दोन वर्षांत तिसऱ्यांदा.

१० एप्रिल, गुरुवार

आबांना फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला. मला वाटलं कंटाळतील. कसले!

"म्हंजी तुज्या यंत्रानं एकदा कुलूप उघडायचं न् चाव्या टाकून द्यायच्या."

"हो आबा. म्हणजे मनात आलं तरी नको ते उघडता येणार नाही."

"चांगलं हाय. आपल्याकडं बी तसंच हाय की."

खरंच तसंच आहे. संस्थेत पहिल्यापासून एक रीत आहे. व्हॉल्व्हची चावी ज्याच्या हातात, त्याने स्वतःच्या रानाला पाणी सोडायचं नाही. आमचं हौदाखाली थोडं रान आहे. त्याची पाळी आली की व्हॉल्व्ह सर्जेराव काका येऊन फिरवणार. आबा नुसते बाजूला उभे. लहानपणी मला हे भयंकर अपमानाचं वाटायचं! माझे आबा काय चोर आहेत? एकदा विचारलं पण होतं. तेव्हा आबा म्हणाले, "चोर न्हाय म्हनूनच. उद्या कुनी म्हनाया नको, म्हस्कूनं आपल्या उसाला जरा जास्तच पाजलं."

कॉलेजात चार वर्षं शिकून जे फळ्यावर कळलं, ते घरात रोजचं होतं. गंमतच आहे.

मागून आईचा आवाज — "तिला इच्यार, जेवती का न्हाय येळंवर!"

११ एप्रिल, शुक्रवार

झालं!!

कार्ड उघडलं, गट सोडला, माणूस सोडला. मग शेवटची परीक्षा: 'पाणी' झाल्यावर मुद्दाम परत रूट व्हायचा प्रयत्न करायचा. तो फसलाच पाहिजे. फसला तर फंक्शन वजा एक देतं.

वजा एक!

श्रिया म्हणाली, नापास झाल्यावर एवढी नाचणारी पहिलीच बघितली. पण हीच तर मजा. आता आमच्या प्रोग्रॅमला स्वतःलाही परत जाता येत नाही. सर येऊन बघून गेले. "छान." एक शब्द! मी तो इथे लिहून ठेवतेय, पुरावा असावा.

१३ एप्रिल, रविवार — पळसदेव

एस.टी.ने भिगवण, तिथून इंदापूरच्या गाडीने घरी. मांडीवर यंत्राचा खोका. कंडक्टर विचारतो, "काय हाय त्यात, मिक्सर?" मी म्हटलं, हो.

पाणी खाली गेलंय. जुन्या देवळाचं शिखर वर आलंय धरणातून. दरवर्षी दिसतं तरी दरवर्षी बघायला जातो आम्ही.

यंत्र हौदाशेजारच्या खोलीत बसवलं. संगणकाला बॅटरी जोडली, लाईट गेली तरी तो जागा राहील. कार्ड आणि व्हॉल्व्हच्या मोटारी लाईटवर. व्हॉल्व्हचं हाताने फिरवायचं चाक तसंच ठेवलंय, अडीनडीला. सर्जेराव काका बघायला आले. त्यांच्याबरोबर रामहरी तात्या, ज्यांना कुठल्याही कामात खोड काढल्याशिवाय चैन पडत नाही.

"ह्ये चहा मागंल का गं?" — तात्या.

"नाही तात्या."

"तंबाखू?"

"नाही."

"मग म्हस्कूपेक्षा स्वस्त पडलं म्हनायचं!"

सगळे हसले. आबा पण. मग मला म्हणाले, "पोरी, नीट चालंल न्हवं? लोकांपुढं हाय ह्ये."

त्यांच्या तोंडावर काळजी दिसली. यंत्राची नव्हती ती, माझी होती. मी म्हटलं, आबा, तुम्ही निवांत झोपा. यंत्र उठेल.

आईने चिलापी मासळी तळली होती. सहा तुकडे खाल्ले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण आईने मोजले.

१४ एप्रिल, सोमवार

पहाटे मी आणि आबा दोघंही उठून गेलो बघायला. आबांना म्हटलं तुम्ही झोपा, तर ऐकतील कशाला. मोटार घर्रर्र करून फिरली, रामहरी तात्यांच्या पाइपात पाणी आलं, माझ्या मोबाईलवर मेसेज आला: "उघडला". आबांनी चाकाला हात लावला नाही. हात मागे बांधून उभे होते. बघत राहिले नुसते.

"बरं वाटतंय का वंगाळ?" मी विचारलं.

"दोनी," म्हणाले.

दुपारच्या गाडीने बारामतीला परत. संध्याकाळी आईचा फोन — लाईट गेली होती तासभर, आली आता. मी म्हटलं, जाऊ दे, यंत्राला बॅटरी आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

डोळे उघडायच्या आधी मेसेज वाचला. "उघडला." काय वाटलं ते लिहिता येत नाही. बारामतीत अंथरुणात पडून मी पळसदेवचं पाणी सोडतेय!

आबांचा फोन आला लगेच. एवढ्या लवकर ते कधी करत नाहीत.

"वैषू, तुजं यंत्र कसं हाय?"

"मस्त! वेळेवर उघडला आबा. मेसेज आला मला."

मग, "यंत्रानं सोताच कळवलं का तसं?"

"हो, तेच पाठवतं."

"मग झालं तर."

झालं तर काय! कौतुक करायची पण एक पद्धत असते. पण आवाजावरून खूश वाटले.

१६ एप्रिल, बुधवार

आज आमच्या रानाची पाळी. मेसेज: "उघडला". गंमत म्हणजे आता सर्जेराव काकांनाही उठायला नको. यंत्राला ना ऊस, ना रान, ना भावकी. त्याने कुणाचंही पाणी सोडावं.

आबांना फोनवर म्हटलं, बघा, काकांची पण झोप वाचवली मी. आबा खोकले नुसते.

१७ एप्रिल, गुरुवार

"उघडला."

सर विचारत होते, कसं चाललंय. मोबाईल समोर धरला. त्यांनी मान हलवली. मान हलवणं हे "छान"च्या खालोखाल येतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

"उघडला."

आबांनी विचारलं, "उद्या कवा बदलनार? तीनलाच न्हवं? का तुजं यंत्र येळ बदलतं?" म्हटलं, तीन म्हणजे तीन, सेकंदाचा फरक नाही. "बरं बरं," म्हणाले. रोज विचारतात हल्ली. आता या वयात त्यांना संगणकात रस वाटायला लागला! मी त्यांना मोबाईलवर पाळीचं वेळापत्रकच पाठवून दिलं. उत्तरादाखल अंगठा आला. आबांचा पहिला अंगठा!

आई मात्र तुटक बोलते. म्हणाली, "लवकर ठराव होऊ दे बाई एकदाचा."

२० एप्रिल, रविवार — पळसदेव

ठराव पास! पास! पास!

समाजमंदिरात सभा. मी साडी नेसले होते, श्रियाची. भाषण पाठ केलं होतं. अधिकार म्हणजे काय, प्रोग्रॅमने ते का सोडायचे, रूट कोण, 'पाणी' कोण. लोक कंटाळतील म्हणून चाव्या उजनीत फेकायची गोष्ट सांगितली. रामहरी तात्या म्हणाले, "आन् परत लागल्या तर?" मी ऐटीत म्हटलं, लागतच नाहीत तात्या, तीच तर खुबी आहे!

आणि आमचे आबा? मधल्या रांगेच्या कडेला भिंतीला टेकून घोरत होते! चक्क! लेकीचं आयुष्यातलं पहिलं भाषण, आणि फेटा डोळ्यावर येऊन वडील झोपलेले. मला इतका राग आला. उठवायला निघालेच होते, तर सर्जेराव काकांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. झोपू दे त्याला."

मला वाटलं होतं, खूप प्रश्न येतील. कुणी काही विचारलं नाही. सगळे आबांकडे बघत होते आणि गालात हसत होते. मग काकांनी ठराव वाचला आणि हात वर झाले. सगळे! रामहरी तात्यांचासुद्धा — आणि ते तर संस्थेच्या चहालाही विरोध करतात.

टाळ्यांनी आबा जागे झाले. "झालं का?" म्हणाले. हो आबा, झालं! उद्यापासून झोपा आता घरी.

आबांनी डोक्यावर हात ठेवला माझ्या. सगळ्यांसमोर. रडले मी थोडी. काजळ साडीला लागलं.

२१ एप्रिल, सोमवार

ऑफिसात पेढे. सरांनी दोन घेतले. मग म्हणाले, "आता कायमचं बसवायच्या आधी कोड पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचू. दोघंही."

आत्ता? पेढा तोंडात असताना?

२२ एप्रिल, मंगळवार

लिहून काढते.

सरांबरोबर कोड वाचत होते. लाईट जाऊन आली की कार्ड पुन्हा उघडणारी माझी लाडकी ओळ आली. सर थांबले. "इथे ओपन फंक्शनने काय उत्तर दिलं, ते तपासलंयस का?"

नव्हतं तपासलं.

"आणि ही ओळ कधी चालून पाहिलीस?"

पाहिली होती की. प्लग उपटून. पण ते ७ तारखेच्या आधी, प्रोग्रॅम रूट म्हणून चालत होता तेव्हा! चाव्या फेकल्यानंतर एकदाही नाही. आमच्या ऑफिसात इन्व्हर्टर. इथे लाईट गेलेली कळतच नाही.

टेबलावर तसंच दुसरं यंत्र मांडलं, व्हॉल्व्हच्या जागी दिवा. प्लग काढला. लावला. कार्ड परत जागं झालं, प्रोग्रॅम त्याचं दार उघडायला गेला. वजा एक. परवानगी नाही.

कशी असणार? दार उघडायला रूट लागतं आणि प्रोग्रॅम आता 'पाणी' आहे. वाऱ्याने दार लागलं, आणि चाव्या उजनीत. मीच फेकल्या. वर ऐटीत भाषण केलं! आणि उत्तर न बघताच पुढची ओळ मला मेसेज पाठवते — "उघडला". टेबलावरचा दिवा पेटला नाही, मोबाईल मात्र वाजला.

जो वजा एक यायलाच हवा होता तो टाळ्या वाजवत तपासला. जो यायला नको होता त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सर म्हणाले, "माझ्याही नजरेतून सुटलं." ते बोलणं चांगुलपणाचं. चूक माझी.

पण १४ तारखेच्या संध्याकाळीच लाईट गेली होती. म्हणजे त्यानंतर यंत्राने एकही व्हॉल्व्ह उघडला नाही. आणि रानांना पाणी तर रोज आलं. वेळेवर!

आईला फोन केला. "आई, खरं सांग."

मग सगळं बाहेर आलं. "किती दिस न्हाय म्हनू? तीनच्या आधी पोचाया रोज अडीचला उठत्यात, आजबी गेले. मंगळवारी सवयीनं गेले बघाया, तर आदल्या दिसाचाच व्हॉल्व्ह उघडा. यंत्राचा दिवा चालू, पन पाळी बदललेली न्हाय. चाकं फिरवली न् आले. तुला फोन केला, तर तू म्हनलीस, उघडला! मग म्हनले, सभा होऊस्तवर बोलायचं न्हाय. पोरीला लोकांपुढं खाली बघाया लागंल. मी म्हनलं, आवो, गुडघा! तर म्हनले, गुडघा माजा हाय."

मला वाटत होतं, मी त्यांना झोप दिली. एरवी तासाभरात आटपणारी फेरी, पण त्या आठवड्यात ते यंत्राजवळ उजाडेपर्यंत बसून राहत होते म्हणे. न जाणो, यंत्र उशिरा जागं होऊन हाताने फिरवलेला व्हॉल्व्ह पुन्हा फिरवेल म्हणून. आणि मी वेळापत्रक पाठवत होते! त्यांनी अंगठा पाठवला!

खूप रडले. श्रिया घाबरली. मग हसूही आलं. "यंत्रानं सोताच कळवलं का तसं?" काय अभिनय!

२३ एप्रिल, बुधवार

दुरुस्त झालं. रूट परत घेतलं नाही, अजिबात नाही. त्या एका कार्डाची परवानगी फक्त 'पाणी'च्या गटाला दिली. एका दाराची एक चावी, बाकी सगळ्या उजनीतच. प्रत्येक फंक्शनचं उत्तर तपासलं. उघडला नाही तर मेसेज येईल: "उघडला नाही". प्लग उपटला. लावला. उपटला. लावला. सरांनी उपटला. श्रियाने तर मोजून दहा वेळा उपटला, तिला मजाच यायला लागली. दिवा प्रत्येक वेळी पेटला.

पण ठराव खोट्यावर पास झालाय. हे गिळून मला बसता येणार नाही. सर म्हणाले, "जा. सांगून ये. पुन्हा चाचणी मागून घे. नाही म्हणाले तर नाही."

नाही म्हणाले तर आबांची पहाट पुन्हा तशीच. भीती वाटतेय. तरी सांगणार.

२४ एप्रिल, गुरुवार — पळसदेव

सर्जेराव काकांच्या ओट्यावर गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यंत्र बंद होतं काका, आबा हाताने सोडत होते, ठराव रद्द करा.

काका सुपारी कातरत राहिले. "म्हाईत हाय की."

मला वाटलं, त्यांना कळलंच नाही मी काय म्हणतेय.

"बुधवारी तुमची पाळी व्हती न्हवं? पहाटं म्हस्कू माज्या दारात. म्हनला, सर्जेराव, चला, माज्या रानाला पानी सोडा. मी म्हनलं, आरं, यंत्र हाय की. तवा सांगितलं बिचाऱ्यानं. सोताच्या रानाचं चाक फिरवंना गडी. अंधारात कोन बघत व्हतं त्याला? मी घरी आलो, रामहरीला बोललो. रामहरीला बोललो म्हंजी गावालाच बोललो."

"मग सगळ्यांनी हात वर का केले?"

"तुज्या यंत्राला न्हाय केले, पोरी. ते आज न्हाय तर उद्या चालंल, तू हाईस. म्हस्कू भिताडाला टेकून घोरत व्हता. त्याच्या झोपंला केले."

दुरुस्त प्रोग्रॅम यंत्रात घातलाय, उद्यापासून पुन्हा चाचणी. आबांना सांगितलंय, पहाटे उठायचं नाही. आणि त्यांची पहाटे हातात न्यायची बॅटरी मी पर्समध्ये टाकून बारामतीला घेऊन निघालेय.